बदली गडी

क्रिकेटच्या संघात अकरा गडी असतात, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु अकरा गड्यांवर कोणत्याही क्लबाचा एक पावसाळासुद्धा निभत नाही, हे कळायला रविवारी सकाळी आठ वाजता क्लबाच्या तंबूत बसून डोकी मोजावी लागतात. एकाच्या घरी बहिणीचे लग्न, दुसऱ्याचा घोटा मुरगळलेला, तिसऱ्याची लोकल पाणी साचल्यामुळे कुठेतरी उभी. डोकी आठ-नऊच भरतात आणि मग सगळ्यांच्या माना वळतात त्या कोपऱ्यातल्या बाकाकडे. त्या बाकावर जो बसलेला असतो त्याचे नाव आदल्या रात्रीपर्यंत कोणालाही आठवलेले नसते.

या बाकावरच्या माणसाविषयी दिवाळीत लिहायचे, हे मी यंदा जूनमध्येच ठरवून ठेवले होते. कारण यंदा आमचा क्लब मुळापासून नव्याने उभा करावा लागला. जुन्या संघातले सात जण एकदम गेले. दोघांना नोकरीने बंगळूरला नेले, दोघांना वरच्या विभागातल्या क्लबांनी उचलले, दोघांनी संसारापुढे शस्त्रे खाली ठेवली आणि आमचा पहिला गोलंदाज गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जिना चढताना कठडा धरू लागला. पहिल्या अकरांची जुळवाजुळव कशीबशी झाली. प्रश्न राहिला तो चार राखीव गड्यांचा. आमची निवड समिती तिघांची: क्लबाचा तरुण कप्तान, दादरचे एक जुने यष्टिरक्षक आणि प्रस्तुत लेखक. जूनमधल्या तीन रविवारी आझाद मैदानावर सराव सामने ठेवले आणि आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो.

वाचक म्हणतील, राखीव गडी निवडण्यात एवढे कठीण ते काय? जो अकरांत बसला नाही तो राखीव! मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो.

ज्या स्पर्धेसाठी ही तयारी चालली होती ती कांगा लीग. डॉ. होर्मसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा मुंबईने मुद्दाम पावसाळ्यासाठी योजली. खेळपट्टी झाकायची नाही. आभाळातून जे पडेल ते तिने सोसायचे. एक चेंडू छातीपर्यंत उसळतो, दुसरा त्याच ठिकाणी पडून चिखलात बसतो. बाहेरचे गवत इतके वाढलेले असते की सीमेकडे निघालेला देखणा फटका तीस पावलांवर जाऊन झोपी जातो. म्हणून जुनी मंडळी कांगा लीगमधल्या पंचवीस धावांना एरवीच्या पाऊणशेचा भाव देतात. अशा स्पर्धेसाठी गडी पारखायचा तर नुसत्या धावा मोजून काम भागत नाही. थांबून येणाऱ्या चेंडूची वाट पाहण्याइतका फलंदाजाला दम आहे काय, गवतातून चेंडू जाणार नाही हे ओळखून तो वरून मारायचे धाडस करतो काय, ओला चेंडू हातातून निसटत असताना गोलंदाज टप्पा राखतो काय, हे पाहावे लागते.

शिवाय राखीव चौघे हवेत म्हणजे वाटेल ते चौघे नव्हेत. ज्याच्या जागी जायचे त्याच्या जोगा माणूस हवा. एक आघाडीला जाणारा, एक यष्टींमागे उभा राहू शकणारा, एक फिरकीवाला आणि एक मधल्या फळीत चिखल तुडवीत टिकणारा. पहिल्या दोन रविवारी यांपैकी तिघे ठरले. मधल्या फळीची जागा राहिली आणि तिच्यासाठी दोन पोरे समोर आली. एक गिरगावातला, दुसरा लालबागचा.

गिरगावकराने पहिल्याच रविवारी कोरड्या खेळपट्टीवर ४१ धावा केल्या. काय त्याचे मनगट! कव्हरमधून मारलेला एक चेंडू पाहून आमच्या दादरवाल्यांच्या तोंडून नकळत "वा!" गेले आणि ते गेल्या दहा वर्षांत कोणाला वा म्हणाले नव्हते. लालबागकराने त्याच दिवशी भोपळा फोडलाच नाही. दुसऱ्या रविवारी तो ३ धावांवर गेला. तिसऱ्या रविवारी पहाटेपासून सर आली होती. गिरगावकर त्या दिवशी ९ धावांवर उडालेल्या चेंडूवर झेल देऊन परतला. लालबागकर तासभर उभा राहिला. धावा केल्या फक्त १४. अंगावर चार चेंडू घेतले, पायाखालची खेळपट्टी बॅटने थापटली आणि पुन्हा उभा राहिला.

आणखी एक गोष्ट घडली. आमचा स्कोअर लिहिणारा त्या दिवशी आलाच नाही. बाद होऊन आलेल्या लालबागकराने न सांगता स्कोअरबुक पुढे ओढले आणि पॅड न सोडता लिहायला बसला. उलट गिरगावकर तिन्ही रविवारी आपला डाव संपताच किट आवरून दुपारी एकच्या आत निघून गेला होता.

दादरवाल्यांनी वहीत फुली मारायला पेन्सिल उचलली. "अहो, ज्याला बाकावर बसवत नाही, त्याला राखीव घेऊन करायचं काय? मनगट काय चाटायचंय?"

न्याय सरळ दिसत होता. राखीव गड्याची परीक्षा खेळताना थोडी आणि थांबताना फार, असे मीही पुष्कळांना सांगत आलो आहे. पण ती फुली पाहून मला एक जुनी फुली आठवली. १९९० नंतरच्या वर्षांतली गोष्ट. परळहून एक उंच पोरगा आमच्याकडे चाचणीला आला होता. जलद गोलंदाज म्हणून नाव ऐकले होते, पण चेंडू टाकत होता तो झोपेत चालणाऱ्या माणसासारखा. चार षटके पाहून मी त्याच्या नावावर काट मारली. महिन्याभराने चहावाल्याकडून कळले की पोरगा एका छापखान्यात रात्रपाळी करून तसाच मैदानावर आला होता. तो पुन्हा कधी आझाद मैदानावर दिसला नाही. त्याला चार प्रश्न विचारायला मला दोन मिनिटे लागली असती.

मला तरी हे कळायला हवे होते, कारण मी एका बदली कामगाराचा मुलगा आहे. आजच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगावा लागेल. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगारांखेरीज बदली कामगार असत. त्यांच्यापाशी बदलीचा पास असे. रोज पाळीच्या भोंग्याआधी दारात उभे राहायचे. कोणी कायमवाला गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर काम मिळायचे, नसेल तर घरी परत. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कित्येक वर्षे असे बदलीवर होते. सकाळी डबा घेऊन जात. ज्या दिवशी काम मिळे त्या दिवशी डबा रात्री रिकामा येई. ज्या दिवशी न मिळे त्या दिवशी तासाभरातच भरलेला डबा परत येई आणि आई तो आम्हां भावंडांना दुपारी वाढी. त्या दिवशीची भाकरी आम्ही गुपचूप खात असू. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. ती का होती हे आमच्या घरात कोणालाही समजावून द्यावे लागले नाही.

वडील दारात उभे असत तेव्हा आत खात्यातला जॉबर त्यांच्याकडे पाहत असे. त्याला दिसे ते एवढेच, की हा माणूस आज आला आहे की नाही. काल तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन तो केईएमच्या रांगेत होता, हे जॉबरला कसे दिसावे? निवड समितीच्या खुर्चीवर बसले की आपणही जॉबर होतो.

बदलीवाल्यांनी काय करून दाखवले आहे याचा या शहराला विसर पडू नये. १९७१ सालची गोष्ट घ्या. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला आणि मुंबई संघातले वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, अशोक मांकड, एकनाथ सोलकर असे पाच मोहरे त्यांत गेले. तिकडे सरदेसाईंनी ६४२ आणि गावसकरांनी ७७४ धावा कुटून मालिका जिंकून दिली आणि सारी गिरगाव-दादर रेडिओला कान लावून बसली. त्याच हंगामात इकडे उरलेल्या मुंबई संघाची धुरा सुधीर नाईक यांच्याकडे आली होती. या उरल्यासुरल्या संघाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक मुंबईतच ठेवला. १९५८-५९ पासून चालू असलेली विजयांची जी माळ पुढे सलग पंधरा वर्षांची झाली, तिच्यातला हा मणी बदली गड्यांनी ओवला आहे.

आणि त्याचे फळ काय? पुढच्या हंगामात मोठे मोहरे परत आले आणि करंडक जिंकणाऱ्या कप्तानालाच अकरांत जागा उरली नाही. याला अन्याय म्हणावे तर वाडेकर-सरदेसाईंना बसवून कोणाला खेळवणार? आणि न्याय म्हणावे तर जीभ अडखळते. नाईकांनी मात्र पाठ फिरवली नाही. १९७३-७४ मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. १९७४ साली इंग्लंडमध्ये एजबॅस्टनला पहिला कसोटी सामना खेळले आणि हरत्या डावात ७७ धावा करून उभे राहिले. कसोटी सामने एकूण मिळाले ते तीनच. पण २०२३ साली ते गेले तेव्हा मला त्यांच्या धावांपेक्षा दुसरीच गोष्ट आठवली. श्रीरामपूरहून आलेल्या झहीर खान नावाच्या पोराला त्यांनी आपल्या नॅशनल क्रिकेट क्लबात घेतले होते आणि क्रिकेटच खेळ म्हणून सांगितले होते. ज्याने स्वतः बाहेर उभे राहून पाहिले आहे, त्याला दारात उभा असलेला माणूस लवकर ओळखू येतो.

शिवाजी पार्कचे पद्माकर शिवलकर तर जन्मभर दारात उभे राहिले. डावखुरी फिरकी अशी की १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला जाऊन त्यांनी तामिळनाडूचे एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी उडवले. पण त्याच कलेचा बिशनसिंग बेदी त्याच काळात जन्माला आला होता! प्रथम दर्जाचे ५८९ बळी घेऊनही शिवलकरांच्या नावावर एकही कसोटी लागली नाही. तरी १९८७-८८ च्या हंगामात वयाच्या ४७ व्या वर्षी मुंबईने त्यांना पुन्हा बोलावले, तेव्हा हा माणूस चेंडू घेऊन हजर होता. मार्च २०२५ मध्ये ते गेले.

आता कोणी म्हणेल, या जुन्या कथा झाल्या. तर अगदी अलीकडची सांगतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी शारदाश्रमासाठी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढच्या क्रमांकाचा फलंदाज पॅड बांधून बसूनच राहिला होता. त्याचे नाव अमोल मुझुमदार. पुढे त्याने प्रथम दर्जाच्या ११ हजारांवर धावा केल्या, पण भारताच्या संघाचे दार त्यालाही उघडले नाही. हाच मुझुमदार २०२५ च्या महिला विश्वचषकात भारताचा प्रशिक्षक होता. साखळी सामन्यांच्या शेवटी सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाली आणि मूळ संघात नाव नसलेल्या शफाली वर्माला बोलावणे गेले. उपांत्य सामन्यात ती १० धावांवर बाद झाली. तरीही तिला बसवले नाही. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढल्या, वर दोन बळी घेतले आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आत बसलेल्या प्रशिक्षकाला पॅड बांधून ताटकळण्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

तर त्या जूनच्या रविवारी मी दादरवाल्यांचा हात धरला आणि म्हटले, "फुली मारा, पण विचारून मारा." कप्तानाने तिथूनच गिरगावकराला फोन लावला. उत्तर साधे होते. त्याच्या वडिलांचे गिरगावात खाद्यपदार्थांचे लहानसे दुकान. रविवारी दुपारी गर्दी असते आणि गडीमाणूस परवडत नाही, म्हणून दीडच्या आत गल्ल्यावर बसायला जावे लागते. "सर, अकरांत असलो तर बाबा काहीतरी करतील. पण नुसतं बसायला कसं सांगू?"

फोन ठेवल्यावर आम्ही तिघेही थोडा वेळ बोललो नाही. पोराचा दोष काहीच नव्हता. पण जागा मधल्या फळीची होती, पावसाळ्याची होती, आणि ज्याला सकाळी आठला बोलावून दुपारी चारलाही मैदानावर उभे करता येईल असा माणूस हवा होता. तासभर चिखलात उभे राहून काढलेल्या १४ धावा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. शेवटी आम्ही लालबागकराचे नाव लिहिले.

गिरगावकराला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. अशा वेळी आपल्या क्लबांत एक गोड रीत आहे. "बघू," म्हणायचे. "येत राहा नेटला," म्हणायचे. पोरगा बिचारा पावसाळाभर येत राहतो आणि आपल्याला फुकटचा एक क्षेत्ररक्षक मिळतो. मी पूर्वी असे पुष्कळदा केले आहे. माझ्या वडिलांना कित्येक वर्षे असेच कोणीतरी "बघू" म्हणत होते, हे मात्र तेव्हा कधी मनात आले नाही. या वेळी मी संध्याकाळी चर्नी रोडला उतरून त्याच्या दुकानात गेलो आणि गल्ल्यावरच त्याला सांगितले, "यंदा आमच्याकडे जागा नाही. तुझा हात चांगला आहे. दुसरा क्लब अकरांत घेत असेल तर जा. आमच्यासाठी थांबू नकोस." त्याने मान हलवली. वडिलांनी माझ्यापुढे पियूषचा पेला ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. तो पेला मला जड गेला.

पुढचा हिशेब खोटेपणा न करता मांडतो. लालबागकर त्या पावसाळ्यात चार सामने खेळला. एकदा २२ धावा करून त्याने सामना वाचवला, दोनदा खातेही उघडले नाही, एकदा सबंध दिवस पाऊस पडला. राहिलेल्या रविवारी त्याने स्कोअर लिहिला, पाणी नेले आणि दोन अवघड झेल बदली क्षेत्ररक्षक म्हणून घेतले, जे त्याच्या नावावर कुठेच लागलेले नाहीत. मी ते माझ्या वहीत लिहून ठेवले आहेत. गिरगावकर दुसऱ्या एका क्लबाकडून खेळू लागला आणि शेवटच्या फेरीत आमच्याच पुढ्यात उभा राहिला. तोवर ऊन पडू लागले होते. त्याने आमच्याविरुद्ध ५८ धावा केल्या. तोच कव्हरमधला फटका तीनदा! दादरवाले प्रत्येक वेळी चेंडूऐवजी माझ्याकडे पाहत होते.

निवड चुकली काय? त्या दिवशी तंबूत कप्तानानेही हेच विचारले. मी म्हणालो, मला ठाऊक नाही, आणि अजूनही नाही. दोघांतल्या एकाचेच नाव लिहायचे होते, आणि चाचणीचे तीन रविवार म्हणजे काही आयुष्य नव्हे. सामना संपल्यावर गिरगावकर चहाचे दोन पेले घेऊन माझ्याकडे आला. दीड केव्हाच वाजून गेला होता. मी विचारले, "आज दुकानात कोण?"

"चुलतभाऊ बसलाय. अकरांत आहे म्हटल्यावर बाबांनीच बसवलं त्याला." मग थोडे थांबून म्हणाला, "सर, तुम्ही स्पष्ट बोललात ते बरं झालं. नाहीतर मी अजून तुमच्या नेटमध्येच असतो."

पलीकडे लालबागकर स्कोअरबुकात त्याच्या ५८ धावांची बेरीज तपासून पाहत होता. ती बरोबर होती.

पुढच्या जूनमध्ये आमच्या मधल्या फळीतली एक जागा रिकामी होणार आहे. ती कोणाला द्यायची हे आम्हां तिघांचे आताच ठरले आहे. पण त्याला अजून सांगितलेले नाही. हा अंक त्याच्या हाती पडण्याआधी, फराळाचे निमित्त काढून, मी लालबागला जाऊन येणार आहे.